न्यूझीलंडचा पहिला मुक्काम

दिवाकरराव लघाटे यांनी न्यूझीलंडच्या पायी सहलीचा तक्ता बनवला, तो चौदा पानांचा झाला. तीस वर्षं झाशीच्या रेल्वे कंट्रोलमध्ये बसून गाड्या चालवलेला माणूस; डोंगर वेळापत्रकात बसवल्याशिवाय त्याला चैन पडतेय होय! ज्वालामुखीचं पठार: सुटणे सात दहा, माथा दहा चाळीस, चहाला पंधरा मिनिटं. पुढे बर्फ, मग घनदाट जंगल, शेवटी समुद्रकिनारा. निवृत्तीनंतरची सहा वर्षं त्यांनी या एका सहलीच्या आशेवर काढली होती.

"आणि पाऊस आला तर?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"पान नऊ बघ," दिवाकरराव ऐटीत म्हणाले.

दिल्लीची गाडी मंगळवारी सकाळी सहाची, तिथून रात्री विमान. सगळं चोख. फक्त इंदुमतीबाईंच्या पंचांगाला मंगळवार पसंत नव्हता. त्यांना मुहूर्त सापडला तो शनिवारी दहा वीसचा.

"मग शनिवारी प्रस्थान ठेवू," त्या म्हणाल्या. लघाट्यांच्या घरातली ही जुनी तोड. मुहूर्तावर स्वतःला निघता येत नसेल, तर आपलं एखादं वस्त्र, सुपारी आणि अक्षता मुहूर्तावर शेजारी नेऊन ठेवायच्या, म्हणजे आपण निघाल्यासारखंच. खरे निघालो की ते उचलून पुढे जायचं. "पण एकदा उंबऱ्याबाहेर गेलेलं परत घरात आणायचं नाही हं! आमच्या बापूकाकांनी चष्मा राहिला म्हणून परत आणलं होतं. त्यांची काशी राहिली ती राहिलीच."

"बापूकाकांकडे तक्ता नव्हता," दिवाकरराव हसले. "काय ठेवायचं ते ठेव, फक्त वेळेवर ठेव."

वेळेचं काम म्हटल्यावर गडी स्वतःच पुढे. इंदुमतीबाईंनी कपाटातून त्यांचं जुनं उपरणं घडीसकट काढलं, वर सुपारी-अक्षता ठेवून रुमालात गाठ मारली. बरोबर दहा वीसला दिवाकररावांनी ते गाठोडं समोरच्या मुकेश तिवारींच्या हातात दिलं आणि घड्याळ बघून "राइट टाइम" असं पुटपुटलेसुद्धा.

सोमवारी दुपारी दिल्लीहून लेकीचा, इराचा फोन आला. "बाबा, दोघांच्या पासपोर्टचा फोटो भेजा ना. चेक-इन मी करून टाकते, टेन्शन नका लेऊ."

"आत्ता पाठवतो. असे ठेवलेत, की चोराच्या बापाला सापडायचे नाहीत!"

चोराच्या बापाला नाही, आणि दिवाकररावांनाही नाही. कपाट उघडून ते नुसते उभे राहिले.

"इंदू, माझं उपरणं कुठंय?"

"प्रस्थानाला नाही का दिलं? तुम्हीच तर नेऊन दिलंत."

"अगं, त्याच्या घडीत पासपोर्ट होते!"

"तरीच मेलं जड लागलं! पण मला सांगायला काय झालं होतं?"

"तक्त्यात आहे की. पान अकरा. 'कागदपत्रे: गुप्त जागी.'"

"गुप्त जागी! धन्य आहे बाई तुमची!"

दिवाकरराव समोर धावले, तर तिवारींच्या दाराला कुलूप. फोन लावला. मुकेशजी बायकोला, क्षमाभाभींना घेऊन सासुरवाडीला बबीनाला गेले होते.

"बेफ़िक्र रहिए भाईसाहब! आपकी अमानत ताले में छोड़कर कैसे आते? गठरी साथ ले आए हैं।"

काखेत कळसा असता तरी बरं, इथे कळसाच गावाला गेला होता. दिवाकररावांनी स्कूटर काढली. बबीनाला क्षमाभाभींच्या आईने 'परदेस जा रहे हैं' म्हणून टिळा लावला, समोर बसवून चार पुऱ्या खाऊ घातल्या आणि मगच गाठोडं हाती दिलं. यातलं काहीच तक्त्यात नव्हतं.

पाच वाजता ते परतले. पण आपल्याच फाटकापाशी त्यांचा पाय अडला. बापूकाका आठवले.

"या ना आत," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"गाठोडं आत आणायचं नाही ना?"

"मग ते तिवारींच्या ओट्यावर ठेवा आणि तुम्ही या."

"पासपोर्ट उघड्या ओट्यावर? वेडी आहेस का?"

"अहो, मग पासपोर्ट काढून घ्या. नियम उपरण्याला आणि सुपारीला. पासपोर्टला कसला आलाय?"

दिवाकरराव विचारात पडले. "तेही मुहूर्तावरच सुटलेत ना? नको. सहा वर्षं वाट पाहिलीय मी, इंदू. मला बापूकाका नाही व्हायचं."

त्यांचा आवाज असा काही लागला, की इंदुमतीबाईंना हसू आवरावं लागलं. त्यांना नवऱ्याबद्दल माया वाटली आणि रागही आला.

दिवाकरराव तिवारींच्या ओट्यावर बसले. तिथूनच त्यांनी इराला फोटो पाठवले, तिथेच घरातून स्लीपिंग बॅग मागवली. दिवेलागणीला इंदुमतीबाई पोळीभाजीचा डबा आणि दोघांचं सामान घेऊन आल्या. घराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली होती.

"तू कशाला आलीस?"

"माझा पासपोर्ट त्यातच आहे ना? मग मीही शनिवारीच निघाले. सरका जरा."

दोघं जेवली. समोर आपलंच घर दिसत होतं. तेवढ्यात आभाळात गडगडलं.

"आणि पाऊस आला तर?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

दिवाकररावांनी बॅटरीच्या उजेडात पान नऊ काढलं. तिथे ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'पाऊस आल्यास त्वरित जवळच्या घरात जाणे.' त्यांनी मागे तिवारींचं कुलूप पाहिलं, समोर आपलं घर पाहिलं आणि पान मिटलं.

"येणार नाही," ते ठामपणे म्हणाले.