अंगणापलीकडचं नेट

बाबा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांनी लेकीची मीटिंग धुऊन टाकली, तेव्हा वर्कशॉपचा विषय निघाला. ती पुढच्या महिन्याचं काम समजावून सांगत होती. तेवढ्यात लांबच्या एक आत्या आत आल्या, मागून तिच्या गळ्यात पडल्या आणि "बापाची किती लाडकी गं तू" म्हणून थेट कॅमेऱ्यात रडल्या. ऑफिसच्या सगळ्या चौकटींमधल्या माना खाली गेल्या. मॅडम नंतर समजुतीनं, पण स्पष्ट बोलल्या. "सोमवारची मीटिंग घरून नीट करून दाखवा. जमलं तर तिथूनच काम करा. नाहीतर रजा संपली की परत या."

लेकीला आईला एकटं सोडून जायचं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणायची, "जा की. मला काय झालंय?" आणि ट्रेमध्ये तीन कप मांडायची. तिसरा कप बाबांचा. मग तो रिकामा परत जाऊ नये म्हणून मामा रोज चहाच्या वेळी येऊ लागला.

अंगणापलीकडे बाबांचं वर्कशॉप होतं. पंखे, मिक्सर, पंपाच्या मोटारी तिथे दुरुस्तीला यायच्या. तिथे कुणी रडायला जात नसे. अडचण एवढीच, की घरातलं वायफाय अंगणाच्या मध्यावर मान टाकायचं आणि मोबाईलची रेंज त्या पत्र्याखाली शिरायलाच तयार नव्हती.

"करून टाकू," मामा म्हणाला. कुठल्याही संकटावर त्याचं हेच उत्तर, म्हणून घरात त्याचं नावच करूनटाकू मामा. त्यानं वायफायचा बूस्टर आणला, मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला आणि तिथल्या बोर्डाचं बटण दाबलं. वर्कशॉपमध्ये नेट भरभरून आलं. मामाचा चहा संपायच्या आत ते गेलं.

मामानं जाऊन पाहिलं. बटण चालू, बूस्टर मेल्यासारखा पडलेला. "दमलाय गं. एवढ्या लांब फेकायचं म्हणजे काय खायचं काम आहे? मधे ती फांदी बघ केवढी."

फांदी तोडली. मग मामानं बटण बंद करून पुन्हा चालू केलं आणि नेट आलं. "बघितलंस?" थोड्या वेळानं गेलं. ओल्या चादरी वाटेत येतात म्हणून दोरीवरून उतरवल्या, बटण बंद-चालू, नेट आलं. पुन्हा गेलं. मग वर्कशॉपचा लोखंडी दरवाजा बिजागरीतून निघून अंगणात आडवा झाला. बटण बंद-चालू. नेट आलं.

"दादा, उद्या घराच्या भिंती पाडशील," आई म्हणाली.

"भिंतींचा त्रास नाही. विचारलं मी."

"कुणाला?"

मामानं चहाचा घोट घेतला.

सोमवारी लेक बिनदाराच्या वर्कशॉपमध्ये, बाबांच्या स्टुलावर बसली. मीटिंग सुरू झाली. ती बोलत होती, मॅडम लिहून घेत होत्या, आणि मॅडमचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजला.

"मामा, गेलं!"

"करून टाकू!" असं म्हणून मामानं शिडी घेतली. आता मधे उरला होता फक्त छपराचा पत्रा. आईला त्यानं बटणापाशी पिटाळलं. आईनं ते बंद करून चालू केलं, चेहरा हलला आणि मॅडमनी विचारलं, "येतोय का माझा आवाज?"

"आता येतंय का?" वरून आवाज आला. पत्रा कुरकुरत सरकला आणि लेकीच्या डोक्यावर लख्ख ऊन पडलं.

"वरून कोण बोलतंय?" मॅडम दचकल्या.

"मामा आहे," लेक म्हणाली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, छप्परही नव्हतं.

तिकडे मागच्या खोलीत आई एकटी उभी होती. ती तिथे इतका वेळ कधी थांबतच नसे. एकाएकी बोर्डातून आवाज आला, टक्. बूस्टर विझला. कुणी हात लावला नव्हता. आईनं बोर्डाकडे पाहिलं, मग ओळखीचा राग आल्यासारख्या भुवया चढवल्या. तिनं बटण बंद करून चालू केलं, स्टूल ओढलं आणि तिथेच ठाण मांडलं. टक् झालं की बटण. मीटिंग शेवटपर्यंत चालली. मधूनमधून लेक क्षणभर गायब व्हायची, एवढंच.

"नेट तुमचं बेभरवशाचं आहे," मॅडम शेवटी म्हणाल्या, "पण माणसं खंबीर दिसतायत. राहा तिथेच."

आईच्या सांगण्यावरून मामानं शिडीवरून उतरून बोर्ड उघडला. आत थोड्या वेळानं वीज आपोआप तोडणारा एक जुना टायमर, आणि प्रत्येक तारेच्या जोडाला बाबांच्या सवयीचा लाल दोरा.

"इथला दिवा मी चालू ठेवून जायचे," आई म्हणाली. "एकदा ह्यावरून भांडण झालं. दोन दिवस बोललो नव्हतो. तेव्हा ह्यांनी काहीतरी ठोकाठोक केली होती खरी. मग इथला बल्ब गेला, आणि मी विसरूनच गेले."

"काढून टाकू," मामा पान्हा शोधू लागला.

"हात लावायचा नाही, दादा. तुझा तो डबा दुसऱ्या प्लगला लाव. इथे नवा बल्ब बसव."

मामानं ऐकलं. बूस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला आणि तिथे एकदाही दमला नाही. पत्रा, दरवाजा आणि चादरी आपापल्या जागी परतल्या; फांदी तेवढी गेली ती गेली. बाबा असते तर मामाची किती दिवस फिरकी घेतली असती, ते लेकीनं मनात मोजून पाहिलं आणि मामाच्या कपात जास्तीचा चहा ओतला.

संध्याकाळी काम संपवून ती वर्कशॉपची सगळी बटणं बंद करून अंगणात आली. मागच्या खोलीत आई शिवण घेऊन बसली होती. टक्. खिडकी अंधारली.

"आहे हो मी अजून," आईचा आवाज आला, आणि दिवा लागला.