पाऊल कुणाचं धरायचं

वाऱ्याने लागणारं दार आधी अगदी सावकाश सरकतं. शेवटच्या वीतभर अंतरात मात्र ते असा वेग घेतं, की मधे हात घालायला सवड मिळत नाही. नववर्षाच्या सकाळी, ग्रीसमधल्या वोलोस शहरातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, चौघं जिन्यात उभं राहून हे बघत होती. किल्ली आत होती. ओव्हनमधलं कोकराचं मांसही आतच होतं.

चौघं बाहेर आली होती ती मुद्दाम. वर्षाचं पहिलं पाऊल घरात नशीबवान माणसाचं पडावं, म्हणून एव्हान्थियाबाईंनी यंदा भाची लुकियाला निवडलं होतं. गेल्या वर्षी हा मान तिच्या वडिलांना, म्हणजे बाईंचे भाऊ स्तेर्गिओस यांना मिळाला होता आणि वसंत यायच्या आत घरातला बॉयलर आणि बाईंचं पित्ताशय, दोन्ही निकामी झाली होती. लुकिया डाळिंब घेऊन तयार होती. ते उंबऱ्यावर फोडायचं आणि उजवा पाय आत टाकायचा.

"दार कुणी सोडलं?" बाईंनी विचारलं.

"मी धरलं होतं," स्तेर्गिओसमामा म्हणाले, "पण शिंक आली."

"वर्ष बदललं, तू काही बदलला नाहीस!"

कुलूपवाल्याने फोन उचलला नाही. मामांनी दाराला खांद्याने धडक दिली. दार हललं नाही, खांदा मात्र हलला. फटीतून करपल्याचा वास यायला लागला.

"गॅलरीचं दार उघडं आहे," बाई म्हणाल्या. मग लेकीकडे न बघता, "आर्गिरो, तुझ्या त्या रूममेटच्या गाडीवर शिडी असते ना?"

टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारी मिर्सिनी गेली कित्येक वर्षं अथेन्सला आर्गिरोबरोबर राहत होती. सणाला मात्र आर्गिरो एकटीच घरी यायची. परतताना नववर्षाच्या केकचा तुकडा रुमालात बांधून न्यायची. अथेन्सला पोचेपर्यंत तो वाळून कडक झालेला असे. मिर्सिनी तो कॉफीत बुडवून खायची. यंदा ती बरोबर आली होती, पण बंदराजवळच्या भाड्याच्या खोलीपर्यंतच. तिथून इथवरच्या दोन गल्ल्या कशा ओलांडायच्या, हे आर्गिरोला अजून सुचलेलं नव्हतं.

"ती... अथेन्सला आहे, आई."

"काल मंडईत फ्लॉवर निवडत होती. बोलाव."

मिर्सिनी आली. शिडी लागली. सगळी खाली रस्त्यावर जमली, समोरच्या खिडक्याही उघडल्या. ती झपझप वर चढली आणि कठड्यावरून पाय आत टाकणार, तोच लुकिया किंचाळली.

"थांब! तू आधी शिरलीस तर पहिलं पाऊल तुझं होईल!"

"मग उतरू?"

"उतरू नकोस, मांस जळतंय!" बाई ओरडल्या.

"शिरूही नकोस!" लुकिया म्हणाली.

"तुमचं एकदा ठरवा," वरून आवाज आला. "शिडी हलतेय."

मामांनी दुखरा खांदा चोळला. "घरच्या माणसाचं पाऊल धरत नाहीत. आमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्याचं धरतात. ही बाहेरची. म्हणजे अख्खं वर्ष हिच्या पायावर गेलं."

आर्गिरोने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि वर पाहिलं. मिर्सिनी एक पाय हवेत ठेवून थांबली होती. कुरकुर नाही, घाई नाही. इतकी वर्षं थांबली होती, तशीच.

गॅलरीतून धूर बाहेर आला. बाईंनी एकदा धुराकडे पाहिलं, एकदा लेकीच्या हातांकडे.

"पाऊल लुकियाचंच धरायचं," त्या म्हणाल्या. "मिर्सिनी घरची आहे."

"घरची?" मामांनी डोळे मोठे केले. "कोण लागते?"

समोरच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"हळू बोल, एव्हान्थिया," मामा कुजबुजले. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत. आर्गिरोची बायको आहे ती, माझी सून आहे! मिर्सिनी, जा गं घरात!"