घोड्यांच्या वतीने, मी

तुम्हाला म्हणून सांगतो, या शहरात माझ्याइतका छापून येणारा लेखक दुसरा कोणी नाही. वर्षाला चाळीस लाख प्रती! औषधाच्या खोक्यात पातळ कागदाची घडी घातलेली असते ना, तुम्ही न उघडताच फेकून देता ती, ती मी लिहितो. बावीस वर्षं लिहितोय. खोकल्याच्या औषधाचं माझं पत्रक दोन्ही बाजूंनी खच्चून भरलेलं आहे आणि त्यात बोट ठेवायला जागा नाही. ते आजवर कोणी वाचलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. बायकोनेसुद्धा नाही.

आणि एकीकडे आमचे साडू! म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेतली बसून खायची नोकरी सोडून या गृहस्थाने शहराबाहेर घोड्यांचं फार्म काढलं. घोडेही स्वतःचे नाहीत. शहरात काही लोकांना घोड्याची हौस असते, पण ठेवायला जागा नसते. असा घोडा साडूंकडे राहतो. त्याचं खाणंपिणं, खरारा, फिरवणं साडू बघतात आणि मालक महिन्याचे पैसे देतात. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. दिवसभर लीद उपसणाऱ्या माणसाचा हेवा करायला मी काही खुळा नाही.

पण दोन वर्षांपूर्वी साडूंनी पत्रं सुरू केली आणि माझी झोप उडाली.

दर महिन्याला प्रत्येक घोडा आपल्या मालकाला पत्र लिहितो. मी काय खाल्लं, कुठे चिखलात लोळलो, तुमची आठवण कधी आली, असं सगळं. खाली त्याच्या टापेचा खराखुरा ठसा. लिहिणारे अर्थात साडू. मालक मंडळी त्या पत्रांवर इतकी खूश झाली, की त्यांनी आपणहून त्याचे वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली. आमच्या मेहुणीबाई प्रत्येक पत्राची नक्कल आमच्या घरी धाडतात. बायको जेवणं झाली की ती मोठ्याने वाचते आणि डोळ्यांना पदर लावते.

"भाऊजींना मुक्या जनावराचं मन कसं कळतं, नाही?"

समोर बसलेलं बोलकं जनावर तोवर ताटावर बोटाने रेघा ओढत असतं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. बावीस वर्षं लेखन मी करायचं आणि लेखक कोण, तर हा तबेलेवाला!

अशात गेल्या महिन्यात फार्मच्या फाटकात साडूंचा उजवा हात सापडला. बोटांना प्लॅस्टर. त्यांचा फोन आला, की पत्रं जायची वेळ झाली आहे, घरात लिहिणारा माणूस असताना बाहेर कुठे विचारू? चारच पत्रं आहेत, पैसे सगळे तुमचे. टापेचे ठसे घेतलेले कोरे कागद ते पाठवून देणार होते. फक्त एक करा म्हणाले. एक सकाळ इकडे या आणि प्रत्येक घोड्याजवळ अर्धा अर्धा तास नुसते उभे राहा. मी तसंच करतो.

मी मनात हसलो. अहो, आयुष्यात कधी पोटदुखी न होता मी पोटदुखीच्या गोळ्यांवर एकवीस पत्रकं लिहिली आहेत. घोडा बघायला कशाला जायला हवं? आता दाखवतोच म्हटलं, लेखन कशाला म्हणतात ते. साडूंची पत्रं वाचून लोक डोळे पुसतात काय, माझी वाचून हमसून हमसून रडतील!

एका बैठकीत चारही पत्रं उतरली. शपथेवर सांगतो, असा हात कधी चालला नव्हता. साडूंना न दाखवता मी ती परस्पर टपालात टाकली. त्यांनी दोन शब्द बदलले असते आणि पुन्हा श्रेय लाटलं असतं!

त्या रविवारी आम्ही दोघं साडूंच्या हाताची विचारपूस करायला फार्मवर गेलो. एरवी दर रविवारी बायको एकटीच तिकडे जेवायला जाते, पण मालक रविवारीच येतात आणि मला कौतुक स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी कुंपणाशी उभा राहिलो.

पहिली गाडी आली ती काळ्या घोड्याच्या मालकीणबाईंची. या दातांच्या डॉक्टर. त्यांच्या मागे घोडा न्यायचा मोठा टेम्पो होता. त्या उतरल्या आणि माझ्याकडे न बघता थेट साडूंसमोर पत्र धरून उभ्या राहिल्या. काळ्याने लिहिलं होतं, की शेजारी पांढरी घोडी आहे, येणारा जाणारा तिच्याच मानेवरून हात फिरवतो, माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. असं असेल तर त्या आजच काळ्याला घेऊन जाणार होत्या.

तेवढ्यात पांढरीच्या मालकीणबाई आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याही हातात पत्र. पांढरीने लिहिलं होतं, की इथे सगळी वाहवा काळ्याची, मी कितीही नीट वागले तरी ते कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कसं शक्य आहे, माझ्याच घोड्याची उपेक्षा होतेय! मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुरावा माझ्याकडे लेखी आहे! दोघी तिथेच जुंपल्या.

बेकरीवाले आणि वकील आले तेव्हा तर विचारू नका. बेकरीवाल्यांच्या तांबड्याची तक्रार होती, की दर रविवारी सगळं घरदार ठिपक्यांच्या घोड्याकडे जेवायला जातं आणि मला येतोस का म्हणून कोणी विचारत नाही. ठिपक्यांचा घोडा वकिलांचा. त्याने लिहिलं होतं, की मी बावीस वर्षं निमूटपणे एका जागी राबतोय. वकिलांनी घोड्याच्या जन्माचा दाखलाच खिशातून काढला. घोड्याचं वय सहा.

"माझ्या घोड्याकडून कसलं काम करून घेता तुम्ही?" त्यांनी साडूंना दरडावून विचारलं.

साडूंनी डाव्या हाताने एकेक पत्र घेतलं आणि वाचलं. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. फार्मवर घोडे चारच. चारही गेले तर उद्यापासून तिथे रिकाम्या दावणी आणि गवताची गंजी एवढंच उरणार होतं. बँकेची नोकरी परत मिळणार नव्हती. मेहुणीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

आता साडू माझ्याकडे बोट दाखवणार, म्हणून मी गवताच्या गंजीकडे सरकलो. पण ते म्हणाले, "चूक माझी आहे. या वेळी माझं लक्ष नव्हतं."

तुम्हीच सांगा, अशा माणसाचा नीट हेवा तरी कसा करायचा? निदान मला दोन शिव्या तरी घालायच्या! डॉक्टरीणबाईंच्या टेम्पोचं मागचं दार उघडलं, फळी खाली टाकली गेली आणि काळ्याला बाहेर आणायला माणूस तबेल्यात शिरला.

इतका वेळ माझी बायको एका कडेला उभी राहून चारही पत्रं वाचत होती. एकदा वाचली, दोनदा वाचली. माझं काहीतरी ती पहिल्यांदाच दोनदा वाचत होती, आणि नेमकी तेव्हाच मला ते नकोसं झालं. तिने कागदांची घडी केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी निभावून नेलं असतं हो. पण ती तशी बघत नव्हती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "यातलं घोड्यांचं कोणतं?"

मी पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "घोड्यांना काही दुःख नाही. ते मजेत आहेत. पत्रं मी लिहिली. मी जळतो."

"कोणावर?" वकिलांनी विचारलं. सवय, दुसरं काय!

मी साडूंकडे बोट केलं. साडूंनी वळून मागे बघितलं, तिथे कोण उभं आहे म्हणून.

सगळे तबेल्यात गेले. काळा आणि पांढरी एकाच टोपलीत तोंड घालून गवत खात होती. तांबडा उभ्या उभ्या झोपला होता. ठिपक्यांच्या घोड्याने वकिलांच्या बाहीला नाक पुसलं आणि राबण्याची कुठलीच खूण दाखवली नाही. अर्ध्या तासाने टेम्पो रिकामाच परत गेला. मेहुणीबाई मटकन ओट्यावर बसल्या. मुख्याध्यापिकांनी जाताना माझं पत्र मला परत दिलं. खाली लाल शाईत शेरा होता: भावना खऱ्या, विषय सोडून.

घरी येताना बायको म्हणाली, "एकदा तरी बोलायचंत. मला कसं कळणार, तुम्हाला कौतुक लागतं म्हणून? मला वाटायचं, तुम्हाला असलं काही आवडत नाही." मी म्हटलं, जाऊ दे. ती म्हणाली, जाऊ दे नाही, उद्यापासून मी लक्षात ठेवून करीन. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण सगळं ऐकत होतो.

आणि बाई शब्दाची पक्की! दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर निघालो तर तिने मला दारात थांबवलं, चेहरा उजेडाकडे वळवला आणि मनापासून म्हणाली, "किती छान दाढी केलीत आज! अगदी भाऊजींसारखी."

खरं सांगू? तरीही बरं वाटलं.