दंड नव्हे, शुल्क

माणसाकडे पैसे नाहीत ही गोष्ट त्याला वेळेवर आणि लेखी कळवणं, हे प्रगत समाजाचं पहिलं कर्तव्य आहे. आमच्या बँकेच्या आधी हे काम शेजारीपाजारी आणि नातेवाईक करत. ते फुकट करत हे खरं, पण त्यात सातत्य नव्हतं, जावक क्रमांक नव्हता आणि पुष्कळदा तर ते पाठीमागे बोलत. आम्ही हेच काम तोंडावर, छापील पत्राने, दर महिन्याच्या पाच तारखेला करू लागलो. या सेवेचे आम्ही साडेचारशे घेतो. ते खात्यातूनच कापले जातात, त्यामुळे ग्राहकाला रांगेत उभं राहण्याचाही त्रास होत नाही.

सेवेची रचना साधी आहे. खात्यात किमान पाच हजार असले पाहिजेत. बारा कमी पडले की साडेचारशे कापले जातात. मग चारशे बासष्ट कमी पडतात, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा साडेचारशे. ग्राहक एकदा या सेवेत आला की त्याला स्वतःहून काहीच करावं लागत नाही. अकरा महिन्यांनी खात्यात अडतीस उरतात. (तेही आम्ही सांभाळून ठेवतो.)

आमच्या शाखेने एका वर्षात ही सेवा एक हजार एकशे चाळीस ग्राहकांना दिली. त्यांपैकी फक्त एक्केचाळीस जणांनी पैसे परत मागितले. उरलेल्या एक हजार नव्व्याण्णव जणांनी पासबुकातली ती ओळ बघितली आणि ‘जाऊ दे’ म्हटलं. त्यांची नोंद आम्ही ‘समाधानी ग्राहक’ या रकान्यात करतो. (ज्यांनी ती ओळ बघितलीच नाही, ते तर अतिशय समाधानी.)

एक्केचाळीस जणांसाठी परतावा कक्ष उघडण्यात आला. मी त्या कक्षाचा प्रमुख. कक्षात मी, एक लोखंडी कपाट आणि खिडकी क्रमांक चार, एवढा कर्मचारीवर्ग आहे. खिडकी दुपारी अडीच ते तीन उघडी असे. पुढे एक ग्राहक संघटना ही आकारणी अन्यायाची आहे म्हणून न्यायालयात गेली आणि निकाल लागेपर्यंत बँकेने सगळे परतावे थांबवले. द्यायचं काही नाही असं ठरल्यावर खिडकी दिवसभर उघडी ठेवण्याचा निर्णय झाला. कापणं मात्र थांबवलं नाही, कारण ते थांबवा असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आता प्रकरणातला कायद्याचा भाग. आमच्या कायदेशीर सल्लागारांनी तो आम्हाला चहाच्या एका कपात समजावून सांगितला. साडेचारशे हा जर दंड असेल, तर तो चुकीच्या मानाने हवा, आणि बाराच्या चुकीला साडेचारशे हे एखाद्या हळव्या न्यायाधीशाला जास्त वाटू शकतं. पण तेच जर शुल्क असेल, तर प्रश्नच मिटला. सेवेची किंमत सेवा देणारा ठरवतो. म्हणजे पाच वर्षं चालू शकणारा खटला एका शब्दावर येऊन ठेपला होता, आणि तो शब्द आमच्या पत्रांवर ठळक अक्षरांत छापलेला होता: ‘दंड आकारणीची सूचना’. (ही छापखान्याची चूक. मजकूर आम्ही दिला होता, पण चूक छापखान्याची.)

सल्लागारांनी कप खाली ठेवला आणि दोन हजार गोंदपट्ट्या छापून घ्यायला सांगितलं. पट्टीवर एकच शब्द होता: ‘शुल्क’. ती ‘दंड’वर अचूक बसायची. शाखेतली पत्रं एका दुपारी सुधारली गेली. लोकांच्या घरी पोचलेल्या पत्रांचं काय, हा प्रश्न होता. पण बहुतेकांनी ती आधीच फाडून टाकली होती. ज्यांनी जपून ठेवली होती ते एक्केचाळीस जण तर आपणहून खिडकीशी येत होते. आम्ही अर्जासोबत मूळ पत्र जोडणं सक्तीचं केलं. चाळीस जणांनी जोडलं. आठवड्याभरात चाळीस जणांना आपापलं पत्र अद्ययावत होऊन परत मिळालं.

एक्केचाळिसावी माझी मावशी.

मावशी कपडे दुरुस्त करून देते. चेन बदलणं, उंची कमी करणं, कंबर सोडणं. पायाने चालवायचं मशीन आहे आणि उजवा गुडघा कामातून गेला आहे. मशीनला मोटर बसवायची म्हणून तिने पाच हजारांच्या वर पैसे साठवत आणले होते. एकदा धाग्यांचा मोठा बॉक्स घेतला, बारा कमी पडले, आणि ती आमच्या सेवेत आली. सात महिन्यांत तीन हजार एकशे पन्नास गेले. मोटर तेवढ्यालाच येते.

आलेल्या पत्रांपैकी पहिलं तेवढं तिने जपलं होतं. अर्जाला तिने त्याची झेरॉक्स जोडली. मूळ पत्र स्वतःच्या हातून सोडायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"अरे, गिऱ्हाइकाचं कापड मी कुणाला हात लावू देत नाही," ती खिडकीतून म्हणाली, "मग हा तर माझाच कागद. आणि माझेच पैसे मला द्यायला तुला कोर्ट कशाला लागतं रे?"

मी तिला परिपत्रक क्रमांक सांगितला. त्याने तिचं समाधान झालं नाही.

घरी आईनेही विषय काढला. "तुझ्या पहिल्या मुलाखतीची पँट तिने रात्री बसून शिवली होती. एक पैसा घेतला नाही. आणि तू तिच्या अर्जावर बसून राहिलायस!" आईचा मुद्दा भावनिक होता. मुळात त्या पँटचं शुल्क ठरवायला मावशीला कोणी अडवलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी संघटनेच्या वकिलांनी पेपरात निवेदन दिलं: बँकेने स्वतः ‘दंड’ म्हटलंय असं मूळ पत्र कोणाकडे असेल तर कळवा. मावशीने कळवलं. वकील सोमवारी पत्र न्यायला येणार होते. शनिवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं (आठ वर्षांत पहिल्यांदा) आणि म्हणाले, "तुमच्या नात्यातल्याच आहेत ना त्या? मग तुम्हीच बघा काय ते."

रविवारी मी मावशीकडे गेलो. ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. मी म्हणालो, "मावशी, मूळ पत्र दे. तुझा अर्ज सगळ्यात वर ठेवतो."

"शब्द देतोस?"

"देतो."

तिने कात्रीच्या खणातून पत्र काढलं आणि घडी न मोडता माझ्या हातात ठेवलं. मी शब्द पाळला. तिचा अर्ज कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. पट्टी मी स्वतः लावली. एवढं नाजूक काम दुसऱ्यावर सोपवणं मला पटेना. सोमवारी वकील आले तेव्हा मावशीने त्यांना सांगितलं, "पत्र भाच्याकडे दिलंय. म्हणजे घरातच आहे म्हणा ना."

निकाल चौदा महिन्यांनी लागला. न्यायालयाने म्हटलं की बँकेने या रकमेला कधीही दंड म्हटल्याचा एकही मूळ कागद समोर आलेला नाही, सबब हे शुल्क होय. शाखेत पेढे वाटण्याची पद्धत नसल्यामुळे सर्वांना नवी पेनं देण्यात आली. पत्र जोडणाऱ्या चाळीस जणांनी निकाल वाचून ‘जाऊ दे’ म्हटलं आणि मला बढती मिळाली.

नियमाप्रमाणे मूळ कागद सही घेऊन परत करावा लागतो, म्हणून मी पुन्हा मावशीकडे गेलो. जाताना दोन पँटीही नेल्या. बढतीनंतर कंबरेला आवळत होत्या. ती मशीनवर होती. डावा पाय चालत होता, उजवा स्टुलावर ठेवलेला होता. तिने पत्र घेतलं आणि न वाचताच त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा पट्टीशी थांबला.

"हे कोणी लावलं?"

"कक्षाने," मी म्हणालो. (कक्षात मी एकटा असतो, हे तिला ठाऊक आहे.)

"कोपरा उचललाय बघ." तिने नखाने कोपरा दाबला. तो पुन्हा वर आला. "आयुष्यभर ठिगळं लावली रे मी. खालचं काय ते मला बघावं लागत नाही."

मी सहीसाठी पेन पुढे केलं. नव्यापैकीच होतं. तिने सही केली, माझ्या पँटी उचलल्या, टेप गळ्यात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ दे."

मला फार वाईट वाटलं. ते मी लपवत नाही. पण कर्तव्य म्हणून तारीख आणि वेळ टिपून घेतली. आमच्या शाखेतल्या समाधानी ग्राहकांची संख्या त्या दिवशी एक हजार एकशे चाळीस झाली, म्हणजे शंभर टक्के. त्याचं प्रमाणपत्र आता खिडकी क्रमांक चारवर लावलं आहे. पँटी मंगळवारी मिळाल्या. शिवण दिसतसुद्धा नाही. पैसे तिने घेतले नाहीत.

माझा राग आला असेल तर उत्तम. तुमच्यासारख्या न्यायाची चाड असलेल्या माणसांचीच समाजाला गरज आहे. तेव्हा उठा आणि आधी स्वतःचं पासबुक काढा. मागच्या तीन महिन्यांत कुठेतरी एक छोटी रक्कम वजा झालेली दिसेल, पुढे चार आद्याक्षरं असतील, आणि त्यांचा अर्थ तुम्ही कधी कोणाला विचारलेला नसेल. आमच्या खिडकीला नुसता हा प्रश्न विचारायला माझी मावशी दोन बस बदलून, एका पायावर यायची. तुम्ही मात्र घड्याळ बघाल, रक्कम बघाल, आणि दोन शब्द म्हणाल. ते मोठ्याने म्हणायची गरज नाही. तुमची नोंद आम्ही आधीच करून ठेवली आहे.