बाईसाहेबांचा रविवारचा उद्योग

"रविवारी बाईसाहेब वळून बघणार म्हणजे बघणार," ठिणगीने जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं. "नाही वळल्या, तर मला ठिणगी म्हणू नका. विझलेली काडी म्हणा."

बाबांनी लगेच विझलेल्या काडीला मीठ इकडे सरकवायला सांगितलं. घरात गुणांची कदर म्हणून कशी ती नाहीच!

बाईसाहेब म्हणजे कोणी शेजारीण नव्हे हो. प्राणिसंग्रहालयातली ओरांगउटान. लालसर केसांचा भलामोठा ढीग, त्यात दोन शहाणे डोळे आणि रुबाब असा, की समोरच्याच्या तोंडून आपोआप अहोजाहो निघावं. ठिणगीची मावशी त्यांची देखभाल करायची, ठिणगीच्या जन्माच्याही आधीपासून. पण बाईसाहेबांच्या सोबतीची म्हातारी ओरांगउटान मैत्रीण गेली, आणि तेव्हापासून त्यांनी जगाकडे पाठ फिरवली. अगदी खरोखरची पाठ. काचेकडे पाठ करून भिंतीशी बसायचं आणि स्वतःच्या हातावरचे केस उपटायचे, एवढंच त्यांचं काम.

मावशीचं म्हणणं, जंगलात यांचा सगळा दिवस पोट भरण्याच्या खटपटीत जातो. इथे ताट आयतं समोर येतं आणि उरलेला दिवस नुसता अंगावर येतो. म्हणून प्राण्यांना उद्योग द्यायचा. खाऊ लपवायचा, गुंडाळायचा, कशात तरी अडकवायचा. बाईसाहेबांसाठी मावशीने सगळं करून पाहिलं होतं. फळं बर्फात गोठवून दिली, ती विरघळून गेली. झोपाळा टांगला, त्यावर कोळ्याने संसार थाटला. खाऊ भरून गोणपाट दिलं, तर बाईसाहेबांनी ते डोक्यावर पांघरलं आणि त्याच्यासकट पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

आता मात्र वेळ आली होती. एक पोरकी, छोटीशी ओरांगउटान बाईसाहेबांच्या सोबतीला आणायचं घाटत होतं. पण संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांना धास्ती वाटत होती. जी कशाकडेच बघत नाही, तिच्या खोलीत एवढंसं लेकरू सोडायचं कसं? ते रविवारी स्वतः येऊन बघणार होते. बाईसाहेबांनी कशात तरी रस घेतला तर पिल्लू येणार, नाहीतर दुसऱ्या संग्रहालयात जाणार. हे सांगताना मावशीचा आवाज इतका बारीक झाला, की ठिणगीने तिथल्या तिथे शब्द दिला. उद्योग ती बनवणार!

आणि काय पेटी बनवली तिने! जुन्या कपाटाचा खण, त्याला सरकतं झाकण, झाकणाखाली फिरती चकती, चकतीमागे गोल भोक आणि त्याच्या पार तळाशी एक अख्खा अक्रोड. भोक तिने स्वतःच्या हाताच्या मापाने पाडलं, बोटं छान सरळ जुळवून. मग घरादारावर चाचणी घेतली. बाबा झाकणाशीच हरले. आजोबांनी झाकण उलट्या बाजूने ओढलं आणि पेटी सदोष असल्याचा निकाल दिला. भोकापर्यंत कोणी पोचलंच नाही, म्हणजे पेटी किती अवघड! ठिणगी कोंबड्यासारखी मान ताठ करून घरभर फिरली.

रविवारी बाईसाहेबांच्या काचेसमोरच्या बोळात सगळे जमले. मोठे साहेब, प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई, मावशी आणि कडेवर पेटी घेतलेली ठिणगी. काचेपलीकडे नेहमीची पाठ.

मावशीने तिथला नियम सांगितला. वस्तू आत जाण्याआधी बनवणाऱ्याने ती सगळ्यांदेखत स्वतः वापरून दाखवायची, म्हणजे प्राण्याचं बोटबीट अडकणार नाही ना, ते कळतं.

"एवढंच ना?" ठिणगी म्हणाली. झाकण सरकवलं, चकती फिरवली, हात आत घातला, अक्रोड पकडला आणि रुबाबात बाहेर ओढला. म्हणजे ओढायला गेली. सरळ बोटांनी आत गेलेला हात आता अक्रोडासकट मूठ झाला होता, आणि मूठ काही केल्या भोकातून येईना!

"आलंच, आलंच," असं हसत म्हणता म्हणता तिचे कान लाल झाले. घाबरली तशी मूठ आणखी आवळली. मावशी हात धुवायच्या साबणाची बाटली आणून पंप मारून पातळ साबण ओतू लागली. साहेबांनी कोट काढला आणि पेटी धरली, मावशीने ठिणगीची कंबर धरली, आणि दोघं दोन दिशांना अशी ओढू लागली, की साबणाचा फवारा थेट साहेबांच्या चष्म्यावर. डॉक्टरीणबाईंनी मनगट तपासून सांगितलं, की पेशंट चारपायी असता तर भूल तरी देता आली असती. कोणीतरी संग्रहालयाच्या सुताराला हाक मारली. तो करवत घेऊन आला आणि अगदी शांतपणे त्याने विचारलं, नक्की काय कापायचंय?

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. हाताचं जाऊ दे, मावशीच्या पिल्लाचं काय! साहेब आता कसला होकार देतात?

तेवढ्यात टक टक असा आवाज आला.

मावशीने कंबर सोडली. साहेबांनी पेटी सोडली. काचेला नाक चिकटवून बाईसाहेब बसल्या होत्या! डोक्यावर गोणपाट पदरासारखं घेतलेलं, श्वासाने काच धुरकट झालेली, आणि चाळीतलं भांडण ऐकायला गॅलरीत आलेल्या बाईसारखा चेहरा. किती वेळ त्या बघत होत्या कोण जाणे. त्यांनी ठिणगीकडे पाहिलं. आपल्या लांबलचक हाताची मूठ काचेपाशी आणली आणि हळूच उघडली.

ठिणगीला वाटलं, टाटा करतायत. तिने डाव्या हाताने टाटा केला.

बाईसाहेबांनी मूठ पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. या खेपेला चेहरा थेट ठिणगीच्या गणिताच्या बाईंसारखा, तेच उदाहरण तिसऱ्यांदा समजावतानाचा. ठिणगीची बोटं आपोआप सुटली. पेटीत अक्रोड खुळकन पडला आणि साबणाने बुळबुळीत झालेला हात सुळकन बाहेर आला.

सुताराने करवत पाठीमागे लपवली.

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला, काचेपलीकडच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पिल्लाला आणायची तयारी करा. एवढ्या चिकाटीच्या मास्तरीणबाईंना एकच विद्यार्थिनी पुरायची नाही. आणि तीही ही."

मावशीने साबणाच्या हातांनीच ठिणगीला कवटाळलं. दोघी इतक्या हसल्या, की ठिणगीच्या नाकातून साबणाचा फुगा निघाला. बाईसाहेब तोही मन लावून बघत होत्या. केसांकडे त्यांचा हात एकदाही गेला नव्हता.

निघताना मावशी म्हणाली, "पुढच्या रविवारी पेटी घेऊन नक्की ये."

ठिणगीची मान पुन्हा ताठ. "येते ना! आणि भोक मोठं करून आणते."

"खबरदार भोकाला हात लावशील तर."

"अगं मावशी, मग बाईसाहेबांचा एवढा मोठा हात आत जाणार कसा?"

"त्यांना पेटी कुठे द्यायचीय?" मावशी म्हणाली. "पेटी तुला. त्यांना तू."