पावणं म्हटल्याची हकीकत

श्रीजोतिबाचे स्मरण करून, करवीर नगरीत तालमींच्या फुटबॉल चषकाचा अंतिम संग्राम जाहला त्याची हकीकत, जशी घडली तशी लिहिली आहे. मजकूर चेंडूचा आहे, तरी वाचणाराने सरळ बसून वाचावा.

कवठेबाग तालमीचे कप्तान राजश्री हंबीरराव, पस्तिशी गाठलेले, शिरोलीच्या फौंड्रीत चाकरीस. पायात बळ मोठे, पण मस्तक फार तापट. मागे दोन वेळा फौज अंतिम सामन्यास नेली, आणि दोन्ही वेळा पंचांशी तंटा करून तांबडे कार्ड घेतले, आणि मधूनच मैदान सोडावे लागले, मग मागे फौज उघडी पडून शिकस्त जाहली. म्हणोन तालमीच्या वडीलधाऱ्यांनी मसलत करून ताकीद दिली की, यंदा तांबडे कार्ड आले तर कप्तानी दूर, तालमीची अंगी, म्हणजे खेळावयाचा सदरा, तीही पुन्हा मिळणार नाही. मातोश्री बनाबाईसाहेबांनी उंबऱ्यातच आज्ञा केली, "दोनदा मधनंच घरला आलास. औंदा शिट्टी वाजस्तवर तितंच ऱ्हा. हरलास तर हरलास, पर ऱ्हा."

मग सामना मांडला. समोर त्याच पेठेतली दगडी हौद तालीम, आणि त्यांचा बिनीचा बचावगडी ऋतुराज. या ऋतुराजाने गनिमाचे मर्म आधीच हेरिले होते. ते असे की, हंबीरराव जन्मले पेठेत, वाढले पेठेत, परंतु जागेची तंगी म्हणोन गेल्या साली बिऱ्हाड शहराबाहेर शिरोलीस नेले. पावणं हा शब्द या प्रांती परक्या माणसास मानाने बोलतात. पण पेठेच्या लेकास पेठेच्या सामन्यात म्हणणे म्हणजे, तू आता आमच्यातला नव्हेस, असे तोंडावर सांगणे. सबब ऋतुराजाने पहिल्या चेंडूपासोन तोफ डागली.

"या पावणं! घर घावलं न्हवं? का रस्ता इचारत आलासा?"

आणि गॅलरीतून त्यांच्या बाजूने ललकारी उठली, "पावणं, च्या घेनार का सरबत?"

हंबीररावांचे कान तापले. फौंड्रीतल्या भट्टीपुढे उभे राहतात तितकी धग आतून लागली, आणि पुढल्या चेंडूस त्यांनी ऋतुराजास खांद्याने असे लोटले की तो लोळत गेला. पंच राजश्री महावीर जयसिंगपूरकर, मोठे शांत गृहस्थ, यांनी पिवळे कार्ड दाखविले. पिवळे एक जाहले तर ताकीद, दुसरे जाहले तर तांबडे. मध्यंतरी कवठेबागेचा गोलरक्षक विश्वजित याने अर्ज केला, "दादा, कानात बोळं घाला, पर गप ऱ्हावा."

उत्तरार्धी गोल कोणाचाच होईना. शेवटास कवठेबागेस कॉर्नर मिळाला, आणि गोलापुढे दाटी जाहली, आणि हंबीरराव व ऋतुराज छातीस छाती लावून रेटू लागले. तेव्हा पंच मध्ये पडले. त्यांस पेठेचा मामला ठाऊक नव्हता. जयसिंगपुरी रिवाजाप्रमाणे अदबीने म्हणाले, "पावणं, तुमी जरा मागं सरा."

कवठेबागेच्या कित्येकांनी डोळे मिटले. हंबीररावांच्या मानेची शीर फुगली, मूठ वळली, आणि एक पाऊल पंचांकडे पडलेही. मग नजर गॅलरीत गेली. बनाबाईसाहेब पदर तोंडास लावून उभ्या होत्या. हंबीररावांनी जीभ दाताखाली धरली, ती सोडावयास अंमळ वेळ लागला, आणि म्हणाले, "व्हय पावणं. सरतो की."

आणि सरले ते रागाच्या भरात इतके सरले की पेनल्टीच्या चौकटीबाहेर जाऊन एकटेच उभे राहिले. ऋतुराज हसण्यात गुंतला. पाठीस कोणी गेले नाही. कॉर्नर आला, दगडी हौदाच्या गोलरक्षकाने ठोसा मारून चेंडू बाहेर लोटला, तो नेमका हंबीररावांच्या पायाशी. फौंड्रीतला सारा जाळ त्या एका लाथेत उतरला. जाळे हलले. गोल.

आता मोठे संकट उद्भवले. राग आवरण्याची तयारी पुष्कळ केली होती, आनंद आवरण्याची कोणीच केली नव्हती. हंबीररावांनी धावता धावता अंगी वर ओढली, पोट उघडे पडले. अंगी काढल्यास पिवळे कार्ड, हा कायदा. पंचांचा हात खिशाकडे गेला, बनाबाईसाहेब ओरडल्या, "अंगी रं! अंगी!" पण त्या कल्लोळात ऐकतो कोण?

इतक्यात मागून दोन हात आले आणि अंगी खसकन खाली ओढली. पाहतात तो ऋतुराज.

"येडा हाईस व्हय? आमाला गोल फेडायचाय. धा जणांवर फेडला तर पेठंत कोन इचारंल?"

हंबीरराव थक्क जाहले. अंगी विजारीत खोचली, आणि जागेवर गेले. मग दगडी हौदाने निकराचे हल्ले केले, ऋतुराज स्वतः पुढे चालून आला, विश्वजिताने चेंडू छातीशी कवटाळला, आणि शेवटची शिट्टी जाहली.

कवठेबागेची पोरे गुलाल घेऊन धावली. हंबीरराव मात्र मध्यावर तसेच उभे. अंतिम सामना संपल्यावर मैदानात काय करतात, हे त्यांस ठाऊक नव्हते. आजवर तोपर्यंत कधी राहिलेच नव्हते. शेजारी ऋतुराज गुडघे धरून वाकला होता. त्यास हळूच पुसले, "आता काय करत्यात रं?"

ऋतुराजाने मान वर केली. "हात मिळवायचा. मग तकडं जाऊन कप घ्यायचा."

"बरं," असे म्हणोन हंबीररावांनी हात मिळविला, आणि कप घेतला. एक विरुद्ध शून्य, कवठेबागेची फत्ते जाहली. कळावे.