ठोंबरे खंडूच्या शेळ्यांची आडनावं

आमच्या गावात शेळ्यांना आडनावं होती. 'किम काळी', 'किम कबरी', 'पाक लंगडी' अशा हाका देत खंडू लोहारा गावाच्या रस्त्यानं कळप घेऊन निघाला, की एसटीतले लोक खिडकीतून माना बाहेर काढत.

त्याला 'खंडू ठोंबरे' म्हटलेलं चालत नसे. कोरियाच्या लढाईत तो आपल्या फौजेच्या दवाखान्यात स्ट्रेचर उचलायला होता. येताना एक कांबळं आणि नावांचं शास्त्र घेऊन आला.

मी गावच्या शाळेत मास्तर; तो मला सांगे, "गुरुजी, तिकडं आडनाव आधी. आधी घराणं, मग माणूस. निम्मं गाव किम, उरलेलं ली न्हायतर पाक. किम म्हंजी सोनं."

"मग ही काळी सोन्याची व्हय?"

"दूध काढून बघा, मग बोला."

तिकडं बाई लग्नानंतरही बापाचंच आडनाव लावते, म्हणून तो बायकोला चारचौघांत 'देवकते पारू' अशी हाक मारी. ती फणकारे, "माझा बाप मेलाय. त्याला कशाला गावभर हिंडवता?"

एका शेळीच्या सगळ्या करडांच्या नावात एक अक्षर सारखं असे. "तिकडं भावंडांचं असंच असतंय. पांगापांग झाली तरी नावावरनं सख्खं वळखू येतंय."

त्याला मुलगी झाली. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि कपाळाला हात लावून पाळण्यापासून उठली. नाव होतं योंगसुक. गावानं तिची येसू करून टाकली.

सहा वर्षांनी ती शाळेत आली. मी जात्याच चावट. दाखल रजिस्टरात 'ठोंबरे येसू खंडू' असं लिहिलं आणि त्याला ऐटीत वाचून दाखवलं. "बघ, सरकारनंही आडनाव आधीच घेतलंय."

तो हसला नाही. "येसू खोडा."

"अरे, उद्या तिच्या लग्नात भटजीची जीभ अडकंल."

तो उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. "तिच्या थोरल्या भणीचं नाव योंगजा."

"तुला तर एकच मुलगी."

"पाक योंगजा. सात-आठ वर्साची असंल. म्याच उचलून आणली. पोटात लोखंड घुसलेलं. चार दिस तंबूत व्हती. बोटांवर मोजून भणींची नावं सांगायची, दुभाष्या आमाला सांगायचा. योंगसुन, योंगही. समद्या योंग. समद्या बाँबनं पडलेल्या घराखाली गेलेल्या. पाचव्या दिशी तीबी गेली. मातीवर पाटी लावली, तिच्यावर नुसता नंबर. मी नाव सांगत व्हतो. लिवणारा म्हनला, इचारायला कोण येणार हाय?"

एवढ्यात कळप शाळेच्या आवारात शिरून कण्हेरीच्या कुंपणापर्यंत गेला होता. एरवी शेळ्यांना विषारी कण्हेर शिवूही न देणारा खंडू जागचा हलला नाही. मीच उठून त्यांना हाकललं.

"योंग म्हणजे काय रे?" परत येऊन मी विचारलं.

"फूल, न्हायतर कायमचं. अक्षर कसं काढत्यात त्यावर हाय म्हणं. त्या पोरीला अजून लिवता येत नव्हतं."

मी येसू खोडली, शेजारी सही केली आणि त्यानं सांगितलं तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत ते नाव सबंध पुकारलं. पोरं फिदीफिदी हसली. पोर मात्र खणखणीत आवाजात 'हजर' म्हणाली.

खिडकीबाहेर खंडू कळप थांबवून उभा होता. ते ऐकून तो निघाला. त्या दिवशी रस्त्यानं त्यानं एकाही शेळीला हाक मारली नाही.